रुमालाखाली काय ठरलं

दाजी, किल्लारीच्या अप्पांनी तो ट्रॅक्टर अजून कुणाला दिलेला नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा त्यांनी त्यावर ताडपत्री टाकली आणि विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच उत्तर दिलं, की सौदा झालेला आहे. कुणाशी, असं कुणी विचारलंच तर ते तुमचं नाव सांगतात.

अक्काला तुम्ही तो ट्रॅक्टर बघितला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं, "न्हाई जमलं." मला परतीच्या जीपमध्ये म्हणालात, "बघू." एकाच गोष्टीची तीन माणसांकडे तीन उत्तरं आहेत आणि तिन्ही तुमचीच आहेत. अशा वेळी आमच्या बातम्यांच्या धंद्यात मूळ माणसाला फोन लावतात. इथे ती सोय राहिलेली नाही.

तुमचं वय, आजार, मागे कोण आहे, हे मी इथे लिहीत नाही. तो मजकूर आमच्या दैनिकात आला. तो दुसऱ्या कुणी लिहिला आणि मी फक्त वाचून पुढे सोडला. हे लिहिण्याचं कारण वेगळं आहे. अक्काला एक उत्तर हवं आहे आणि ती ते माझ्याकडे मागते आहे, कारण त्या दिवशी तुमच्या शेजारी मी उभा होतो.

तिचा प्रश्न सरळ आहे. तुमच्या धाकट्या भावानं, ज्ञानोबानं, शेत बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला, मागितलं आहे. त्यात वावगं काही नाही. त्याचं शेत बांधालाच लागून आहे, त्याच्याकडे माणसं आहेत, आणि अक्का एकटी आहे. तो बोललाही नीट. "वयनी, तुमच्या वाट्याचं तुमाला घरी आणून घालतो. उन्हातान्हात कशापायी?" तो गेल्यावर अक्का मला म्हणाली, "बापू, त्यांनी ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं असंल तर शेत मी करते. न्हाई ठरवलं असंल तर ज्ञानोबाला देते. तू संग होतास. काय ठरलं होतं?"

मला माहीत नाही, असं मी सांगितलं. तिला ते खरं वाटलं नाही. दोन महिने गावोगाव हिंडलेल्या माणसाला हे माहीत नसेल, हे कुणालाही पटण्यासारखं नाही. म्हणून मला आठवतं ते सगळं क्रमानं मांडून बघतो आहे. चुकलं तर तुम्ही दुरुस्त करणार नाही, हे धरून.

ट्रॅक्टर का हवा होता, याबद्दल तरी शंका नाही. तुमचं रान थोडं, पण काळं आणि ओल धरून बसणारं. पाऊस उघडला की नांगरण्याजोगा वाफसा येतो, आणि तो गेला की जमीन अशी आवळते की नांगर नुसता वरून खरवडत जातो. भाड्याचे ट्रॅक्टर आधी मोठ्या शेतकऱ्यांकडे जायचे. तुमच्याकडे यायचे तेव्हा ढेकळं निघायची. "आपल्या रानाला ट्रॅक्टर येतो त्यो पाव्हण्यावानी. सगळं आटपल्यावर," असं तुम्ही म्हणायचात. एवढ्याशा रानासाठी नवा घेणं तुम्हाला मान्य नव्हतं. जुना, पण दगा न देणारा, एवढीच अट होती. निदान मला सांगितलेली अट एवढीच होती.

मला बरोबर का घेतलंत, हे मी निघतानाच विचारलं होतं. मला गाडीचं चाक बदलता येत नाही. तुम्ही म्हणालात, "म्हणून तर. कळणारा माणूस माझं डोकं फिरवतो. तुमी नुसते उभे ऱ्हावा. कुणी इचारलं तर पेपरवाले हाव म्हणून सांगा." त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे, हे तेव्हा सांगायचं सुचलं नाही. वर्षानुवर्षं मी नांदेडात टेबलाशी बसून दुसऱ्यांनी पाहिलेल्या गोष्टी दुरुस्त करत आलो. तुमच्या मागे उभं राहून मला काही गोष्टी स्वतः बघायला मिळाल्या.

पहिला ट्रॅक्टर मुदखेडचा. एका निवृत्त गुरुजींचा, पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवलेला. मालक एकच, कागदपत्रं स्वच्छ, टायरवरचे रबराचे बारीक केस अजून तसेच. तुम्ही त्याच्याभोवती फेरी घातलीत. समोर उभे राहिलात, मग मागे जाऊन उभे राहिलात. बैल बघायची तुमची पद्धत. गुरुजींना ती माहीत नव्हती.

"गुरुजी, ह्याच्या अंगावर भवरा कुठं हाय?"

"भोवरा?"

"बैलाला असतो न्हवं? त्याच्यावरनं खोड कळती."

गुरुजींनी जरा विचार केला आणि गंभीरपणे म्हणाले, "तसं कंपनीच्या पुस्तिकेत काही दिलेलं नाही."

तुम्ही हसला नाहीत. सीटवर बसून क्लच दाबलात, उतरलात, चहा घेतलात आणि "सांगतो" म्हणून निघालात. स्टेशनवर गाडीची वाट बघताना आपलं वाजलं. मी म्हणालो, कमी चाललेला, एकाच हातातला, याहून चांगला कुठे मिळणार.

"उभा ऱ्हाऊन ऱ्हाऊन आखडलाय त्यो. बांधून घातलेल्या बैलावानी. आतले सील वाळलेत. आता कामाला लावला की तेल गळंल."

"अजून गळत नाही ना?"

"छापा तुमच्या पेपरात. गळत न्हाई म्हणून." मग म्हणालात, "अन् क्लच लई जड हाय."

हे शेवटचं वाक्य मला तेव्हा महत्त्वाचं वाटलं नाही. आपला वाद कमी चाललेला बरा की रोज चाललेला बरा, यावर होता. तो संपला नाही. गाडी आली.

तुमचंच म्हणणं खरं धरायचं, तर रोज राबणारा ट्रॅक्टर तुम्हाला आवडायला हवा होता. दुसरा तसाच होता. निलंग्याच्या रस्त्यावर जुन्या ट्रॅक्टरांचा व्यापारी आहे, त्याच्या आवारातला. रंग इतका ताजा की हाताला वास येत होता. तुम्ही मला आधी समजावलं होतं, की इंजिन थंड असताना चालू करून बघायचं. गरम इंजिन कसंही चालू होतं. तुम्ही तळवा ठेवलात आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "थंडगार." एका झटक्यात चालू झाला. तुम्ही खूश. मग खाली वाकलात तेव्हा इंजिनच्या कडेनं पाणी ठिबकताना दिसलं. व्यापाऱ्यानं सकाळी तो फिरवून वर बादल्या ओतल्या होत्या. फसलो असतो, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसलं आणि तुम्हाला ते मी बघितल्याचं आवडलं नाही.

मग तुम्ही मागे गेलात. ट्रॉली अडकवायच्या पट्टीचं भोक गोल राहिलेलं नव्हतं, लांबट झालं होतं.

"ह्यानं ऊस वडलाय."

"न्हाई काका, ऊस कुठला. कडबा वडलाय."

"कडब्यानं लोखंड झिजतं व्हय?"

व्यापारी हसला. तुम्ही नाही. कारखान्याला ऊस ओढलेल्या ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स दमलेला असतो, हे तुम्ही नंतर चहाच्या टपरीवर मला सांगितलंत. व्यापाऱ्याकडून निघण्याआधीही एक गोष्ट केली होतीत. क्लचचं पेडल हातानं दाबून पाहिलं होतंत, पायानं नाही. मी ते बघितलं, विचारलं नाही.

आता किल्लारी. अप्पांचं घर भूकंपानंतरच्या पुनर्वसनातल्या एका सरळ गल्लीत, ट्रॅक्टर दारात. रंग उडालेला, एक दिवा नाही, पुढची टायरं गुळगुळीत, मागच्या बाजूला तेलाचा ओलसर डाग. उभा राहून आखडलेलाही, कारण अप्पांनी वय झाल्यामुळे शेत कमी केलं होतं. राबलेलाही, कारण त्याआधी तो भरपूर चालला होता. म्हणजे तुम्ही आधीच्या दोघांत काढलेली दोन्ही खोडी याच्यात होत्या. शिवाय अप्पांनी स्वतःच आणखी दोन सांगितल्या. "तिसऱ्या गेअरला कुरकुरतो. अन् दिवा पोरांनी चेंडूनं फोडला. बाकी माजा जीव हाय त्याच्यावर, ही एक खोड."

तुम्ही तळवा ठेवलात. दुसऱ्या प्रयत्नात चालू झाला. पांढरा धूर आला आणि गेला. तेलाचं झाकण काढून आत बघितलंत, लावलंत. फेरी घातली नाहीत. भोवऱ्याचा विनोद केला नाहीत. सीटवर बसलात आणि मला विचित्र वाटेल असं पुढे सरकून, सीटच्या कडेला बसून क्लच दाबलात, तीनदा-चारदा. तुमचा पाय लांब. तुम्हाला पुढे सरकायचं काही कारण नव्हतं.

मग अप्पा म्हणाले, "कसं? तोंडानं बोलायचं का बाजारातल्यासारकं?"

तुम्ही दोघं हाळीच्या बैलबाजारात उभं आयुष्य काढलेली माणसं आहात, हे पाच मिनिटांत उघड झालं होतं. तुम्ही खांद्यावरचा रुमाल काढलात. त्याखाली दोघांचे हात गेले. बघणाऱ्याला कळू नये म्हणून बोटं दाबून बोलायची ही रीत मी ऐकून होतो, ट्रॅक्टरसाठी वापरलेली पहिल्यांदा बघत होतो. मी हाताच्या अंतरावर होतो. अप्पांनी दोनदा मान हलवली. तुम्ही चाकाकडे बघत होता. एकदा हसलात. मग हात बाहेर आले, तुम्ही त्याच रुमालानं तळवे पुसलेत आणि अप्पा आत बघून म्हणाले, "च्या टाका."

मी प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आहे आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काहीही नाही.

अप्पांना मी फोन केला. ते म्हणाले, "शेवटाला त्यांनी माजी पाची बोटं एकदम धरली अन् दाबली. म्हंजी झालं." मग मी ज्ञानोबाला विचारलं. तो तुमच्याबरोबर बाजाराला जायचा. त्यानं सांगितलं, "दादा कायमच शेवटाला हात दाबायचा. घेतलं तरी, न्हाई घेतलं तरी. समोरचा दुखावू न्हाई म्हणून." अप्पांना ट्रॅक्टर विकायचा आहे. ज्ञानोबाला शेत हवं आहे. दोघांचाही हितसंबंध आहे. पण अप्पांनी दुसरी गिऱ्हाइकं परत लावली, आणि ज्ञानोबानं मी न विचारताच "माजं ऐकून काय लिवू नका, मला शेत पायजे हाय" असंही सांगितलं. मी दोघांनाही खोटं म्हणू शकत नाही.

क्लचचं काय, ते मात्र राहून राहून मनात येतं. मुदखेडला जड म्हणालात. निलंग्याला हातानं दाबलात. किल्लारीला पुढे सरकून दाबलात. एक अर्थ असा, की तुमचा गुडघा दुखायचा. दुसरा अर्थ असा, की तुम्ही ट्रॅक्टर स्वतःसाठी बघत नव्हता. लग्नाआधी अक्का आमच्या वडिलांचा ट्रॅक्टर रानात फिरवायची. मला तो कधी जमला नाही, तिला जमायचा. तुम्हाला हे माहीत होतं का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगितलं असंल कधी. ध्यानात न्हाई." मग म्हणाली, "का?"

ही दुसरी शक्यता मला आवडते. म्हणूनच मी तिच्यावर विश्वास ठेवायला कचरतो आहे. आवडलेली गोष्ट दोनदा तपासायची, हे मला नोकरीनं शिकवलं. आणि तुम्ही पुढचं ओळखून तिच्यासाठी सोय करत होता, असं म्हणायलाही आधार नाही. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवशी मला फोन करून पाऊस परभणीपर्यंत आला का, एवढंच विचारलं होतंत. जाणाऱ्या माणसाचा तो फोन नव्हता.

वरचा मजकूर मी इथपर्यंत लिहून ठेवला होता. पुढचं नंतरचं आहे.

अक्का म्हणाली, "मला दाखव तरी त्यो." म्हणून आम्ही किल्लारीला गेलो. ज्ञानोबा आपण होऊन आला, जीपमध्ये पुढे बसला आणि वाटभर सोयाबीनबद्दल बोलत राहिला. अप्पांनी ताडपत्री काढली. अक्का बघत उभी राहिली. मी तिला क्लचबद्दल सगळं सांगितलं, तिथेच, सगळ्यांसमोर. माझा तर्क आहे, खात्री नाही, असंही सांगितलं.

तिनं पदर खोचला, पायरीवर पाय ठेवला आणि वर चढली. सीटवर बसली. डावा पाय पुढे केला. पेडलपर्यंत पाय पोचला, पण ते खालपर्यंत दाबलं जाईना. ती पुढे सरकली, तुम्ही सरकला होता तशी. तरीही शेवटचं थोडं अंतर राहिलं. सीट पुढे घेता येते का, असं मी विचारलं. अप्पा म्हणाले, गंजून बसलीय, हलत नाही.

म्हणजे माझा तर्क उभा राहत नव्हता. तिच्यासाठी बघितला असतात तर हे तुमच्या लक्षात आलं असतं. किंवा आलं होतं, म्हणूनच तुम्ही तिला "न्हाई जमलं" म्हणालात. किंवा तुमचा गुडघाच दुखत होता. मी खाली उभा राहून या तिन्हींचा विचार करत होतो. अक्का वर बसलेली होती आणि तिला माझ्या विचारांत रस दिसला नाही.

"अप्पा, एक पोतं द्या घडी घालून. पाठीला."

अप्पांनी पोतं दिलं. तिनं ते पाठीमागे घातलं आणि पुन्हा पाय दाबला. यावेळी पेडल पूर्ण खाली गेलं.

"लई जड हाय का, वयनी?" ज्ञानोबानं विचारलं.

"जडच हाय. पाण्याचा हंडा बी जडच असतो." तिनं चालू केला. गल्लीच्या टोकापर्यंत नेला, तिथे वळवायला तिला फार वेळ लागला, एका घराच्या ओट्याला मागचं चाक घासलं, घरातली बाई बाहेर आली आणि दोघी काहीतरी बोलल्या. मग परत आली. चेहरा लाल झाला होता. उतरताना तिनं माझा हात धरला नाही, ज्ञानोबाचा धरला.

अप्पा खांद्यावरचा रुमाल चाचपत होते. बाईमाणसाशी हा सौदा कसा करायचा, हे त्यांना सुचत नसावं. शेवटी म्हणाले, "दाजींशी माजं ठरलेलं हाय, ताई. त्याच शब्दावर घिऊन जावा."

"त्यांचं काय ठरलं होतं ते तुमाला एक ठाऊक, मला एक ठाऊक. ह्या माज्या भावाला तर कायच ठाऊक न्हाई, अन् त्यो तिथंच उभा होता." अप्पा हसले. ज्ञानोबाही. "ते ऱ्हाऊ द्या. आता माज्याशी बोला. तोंडानं बोला, समद्यांना ऐकू जाऊ द्या."

ते बोलले. तिनं थोडं कमी सांगितलं. त्यांनी थोडं वाढवलं. गल्लीतल्या माणसांनी ऐकलं, एकदोघांनी मतंही दिली. ठरलं.

ज्ञानोबा ट्रॅक्टर गावापर्यंत चालवत न्यायला तयार झाला. रस्त्यावर न्यायचा परवाना त्याच्याकडे आहे, अक्काकडे नाही. सीटवर बसून त्यानं पोतं काढलं आणि तिच्या हातात दिलं.

"वयनी, म्हंजी बटईचं ऱ्हायलं."

"ऱ्हायलं," अक्का म्हणाली. "पर तुजं रान नांगरायचं असंल तर सांग. आधी माजं, मग तुजं."

"पाव्हण्यावानी येऊ नका म्हंजी झालं," तो म्हणाला आणि निघाला.

आम्ही जीपनं मागोमाग गेलो. अक्का सगळा वेळ पुढच्या काचेतून त्या मागच्या चाकांकडे बघत होती. मध्येच म्हणाली, "त्यांनी घेतला नसता ह्यो." मी विचारलं, कशावरून. म्हणाली, "कशावरून न्हाई. मला वाटतं." थोड्या वेळानं म्हणाली, "घेतला बी असता." मग खिडकीकडे तोंड करून बराच वेळ रडली. तुमच्या पश्चात मी तिला रडताना पहिल्यांदा बघितलं. ड्रायव्हरनं आपण होऊन वेग कमी केला.

दाजी, तुम्ही काय ठरवलं होतं ते मी शोधू शकलो नाही. आता ते शोधायची गरजही कुणाला उरलेली नाही, माझ्याशिवाय. गावात लोक मला विचारतात, ट्रॅक्टर कुणी घेतला, तुमच्या दाजींनी की अक्कांनी. मी त्यांना सांगतो, दाजींनी बघितला, अक्कानं घेतला. या वाक्यातला प्रत्येक शब्द मला खात्रीनं सांगता येतो. त्याच्या पुढचं वाक्य मी अजून लिहू शकलेलो नाही.